साक्ष दिली म्हणून थेट साणंदला बदली. काय करू?

खेडची_लेक | 5 सप्टेंबर 2024, रात्री 11.40

नमस्कार. आजवर इथे फक्त वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस (तारांचे जुडगे) बनवणाऱ्या कंपनीत 2017 पासून आहे, 2019 पासून परमनंट. काम फायनल इन्स्पेक्शनचं. तयार हार्नेस टेस्टिंग बोर्डावर लावायचा, एकेक कनेक्टर खटकन बसला का बघायचं, सगळे दिवे हिरवे लागले की ओके, नाहीतर लाल टॅग. कधी कधी बोर्ड हिरवा दाखवतो तरी एखादं टर्मिनल जरासं मागे सरकलेलं असतं, ते फक्त बोटाला कळतं. सात वर्षांत मी पास केलेला माल गाडीवाल्यांकडून परत आलेला नाही. हे सांगतेय कारण आता मला "कामात सुधारणा हवी" असं लेखी मिळालंय.

झालं असं. आमच्या लाइनवरच्या एका मुलीने सुपरवायझरविरुद्ध कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार केली. मी शेजारच्या बोर्डावर होते, जे डोळ्यांनी पाहिलं ते 14 जूनला समितीपुढे सांगितलं. आत सहा माणसं होती. बाहेर आले तेव्हा मला वाटलं होतं, आत बोललेलं आतच राहील. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एका लाइन लीडरने तोंडावर विचारलं, "काय गं, लई मोठी साक्षीदार झालीस का?"

3 जुलैला मला बोर्डावरून काढून स्टोअरमध्ये खोके मोजायला बसवलं. तोंडी. कागद नाही. स्टोअरला इन्सेंटिव्ह नसतो, त्यामुळे जुलैच्या पगारात 1,850 रुपये कमी आले. 12 ऑगस्टला नऊ मिनिटं उशिरा आल्याचा मेमो. त्या दिवशी कंपनीची बसच उशिरा आली होती आणि बसमध्ये आम्ही 31 जण होतो. मेमो एकटीला. आणि परवा, 2 सप्टेंबरला, बदलीचं पत्र. गुजरातला साणंदच्या प्लांटमध्ये 16 तारखेला हजर व्हायचं. कारण लिहिलंय "व्यवसायाची निकड".

सुपरवायझरला लेखी ताकीद मिळाली आणि तो परत त्याच लाइनवर आहे.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, जमत नसेल तर राजीनामा दे, तीन दिवसांत सगळा हिशोब करून देते. माझा मुलगा तिसरीत आहे. मिस्टर टेम्पो चालवतात. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. आमच्या प्लांटमधून आजपर्यंत एकाही बाईची राज्याबाहेर बदली झालेली नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये मात्र "भारतात कुठेही बदली होऊ शकते" असं वाक्य आहे आणि खाली माझी सही आहे.

माझा प्रश्न एकच. तक्रार करणारीला कायद्याचं संरक्षण आहे असं सगळीकडे वाचलं. साक्ष देणारीला आहे का?

---

ट्रिपल_शिफ्ट | 6 सप्टेंबर, सकाळी 6.55

ताई, खरं सांगू का, कंपनीशी भांडून कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. सात वर्षांचा अनुभव आहे, चाकण-तळेगाव पट्ट्यात कुठेही लागशील. हिशोब घे आणि मोकळी हो. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या की चपला झिजतात.

---

लेबर_कोर्टातला_माणूस | 6 सप्टेंबर, दुपारी 2.10

मी पुण्यात कामगारांच्या केसेस चालवतो. आधी एक महत्त्वाचं: कंपनीचं नाव, तक्रारदार मुलीची ओळख पटेल असं काहीही इथे लिहू नका. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या (आपण सगळे पॉश म्हणतो तो) कलम 16 नुसार तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतलं कामकाज उघड करायला मनाई आहे. "साक्षीदार" हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे तुमची साक्ष दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोचली, हा समितीतल्या कुणाचा तरी कायदेभंग आहे. नियमांत त्याला 5,000 रुपयांचा दंड आहे. रक्कम किरकोळ आहे, पण तुमच्या केसमध्ये हा धागा फार कामाचा, कारण साक्षीची बातमी वरिष्ठांपर्यंत गेली होती हे त्यातून दिसतं.

आता मूळ प्रश्न. पॉश कायदा नोकरीत त्रास देण्याच्या धमकीला कलम 3 मध्ये छळाच्याच व्याख्येत ओढतो, पण तिथे विचार पीडित महिलेचा आहे. साक्षीदाराच्या बदलीबद्दल त्यात स्वतंत्र कलम नाही. म्हणून घाबरू नका. महाराष्ट्रात आपल्याकडे 1971 चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. कामगारांच्या तोंडी "यूएलपी (अनुचित प्रथेची तक्रार) टाकली" म्हणतात ती याच कायद्याखाली. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय काय करायचं नाही याची यादी आहे. तिसरी बाब: व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली द्वेषबुद्धीने बदली करणं. पाचवी: गुणवत्ता न बघता काही कामगारांना झुकतं माप देणं. सातवी बाब मालकाविरुद्ध साक्ष देणाऱ्याशी भेदभाव करण्याबद्दल आहे, मात्र तिची भाषा औद्योगिक विवादाच्या कार्यवाहीबद्दल आहे, आणि अंतर्गत समिती त्यात बसते का यावर समोरचा वकील तासभर वाद घालेल. ती मांडायची जरूर, पण सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. भार तिसऱ्या बाबीवर.

तुम्ही हाताने तपासणीचं काम करता, कुणावर सुपरवायझर नाही, म्हणजे "कामगार" या व्याख्येत येण्यात अडचण दिसत नाही. हा अर्ज औद्योगिक न्यायालयात करायचा. (कामावरून काढलं असतं तर पहिली बाब आणि कामगार न्यायालय. दोन्हींत गल्लत करू नका.) मुदत घटनेपासून 90 दिवस. बदलीचं पत्र ताजं आहे, पण स्टोअरमध्ये टाकल्याचे 90 दिवस 1 ऑक्टोबरला भरतात. अर्जासोबतच कलम 30(2) खाली अंतरिम आदेश मागायचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत बदलीला स्थगिती. हे 16 तारखेच्या आत. गणपती तोंडावर आहेत, सुट्ट्या मध्ये येणार, तेव्हा सोमवारीच वकील गाठा.

खोटी आशा देत नाही. बदली हा नोकरीचा भाग आहे असं न्यायालयं नेहमी म्हणतात आणि सहसा हात घालत नाहीत. द्वेषबुद्धी आपण दाखवून द्यावी लागते. तुमच्याकडे ती तारखांमध्येच आहे: 14 जून, 3 जुलै, 12 ऑगस्ट, 2 सप्टेंबर. त्याआधीची पाच वर्षं कोरी.

एक निकाल वाचून ठेवा. पंजाब अँड सिंध बँक विरुद्ध दुर्गेश कुवर, सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी 2020. इंदूरच्या शाखेतल्या महिला अधिकाऱ्याने गैरव्यवहार आणि छळाची तक्रार केली, तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावाला झाली. न्यायालय म्हणालं, हिला बळी दिलं गेलंय. बदली रद्द, तिला इंदूरला परत आणायचा आदेश, वर बँकेला 50,000 रुपये खर्च. ती बाई तक्रारदार होती आणि अधिकारी होती, तुमचं तंतोतंत नाही. पण तक्रारीनंतरच्या बदलीकडे कसं बघायचं ते त्यात आहे.

आणि राजीनामा? अजिबात नाही. "स्वेच्छेने" हा शब्द लिहून सही केलीत की माझ्यासारख्याच्या हातात काही उरत नाही.

---

खेडची_लेक | 6 सप्टेंबर, रात्री 10.05

सर, तुमचे आभार कसे मानू. मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते आधी म्हणत होते सोडून दे, आता गप्प आहेत, म्हणजे विचार करतायत.

ट्रिपल_शिफ्ट दादा, तुमचा राग नाही. दुसरीकडे काम मिळेल हे मलाही माहीत आहे. पण मी गेले तर उद्या त्या लाइनवर कुणी तोंड उघडणार नाही. ती मुलगी बावीस वर्षांची आहे, घरी सांगितलेलं नाही, आणि माझ्या बदलीचं कळल्यापासून मला म्हणतेय, "ताई, माझ्यामुळे झालं, मी तक्रार मागे घेते." हे ऐकून मला जास्त त्रास झाला.

वकिलाच्या फीचं कसं असतं? आणि पुरावा म्हणून माझ्याकडे कागद फारसे नाहीत.

---

सातपूरच्या_काकू | 7 सप्टेंबर, दुपारी 3.30

बाप्पा बसवून, जेवणं उरकून लिहायला बसले. पोरी, तुझं वाचून मला माझं 1994 साल आठवलं.

मी सातपूर एमआयडीसीत कॉइल वाइंडिंगला होते. तांब्याची तार गुंडाळायची, दिवसभर बोटं काळी. एका कामगाराला खोट्या चोरीच्या आरोपावरून काढलं होतं, त्याच्या बाजूने मी कोर्टात जबानी दिली, कारण तो त्या वेळी माझ्यासमोर मशीनवर उभा होता. एवढंच सांगितलं मी. आठवड्याच्या आत माझी रवानगी भंगाराच्या यार्डात. उन्हात बसून तारेचे तुकडे निवडायचे. पगार तोच, म्हणून साहेब म्हणायचे, "तुझं नुकसान काय झालं?"

सगळ्यात जड गेलं ते जेवणाच्या सुट्टीत. ज्या बायकांबरोबर नऊ वर्षं डबा खाल्ला त्या दुसऱ्या बाकावर सरकल्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांनाही पोरं होती. एक तेवढी रोज जाता जाता माझ्या डब्यात चटणी टाकायची, बोलायची नाही. तिचं ते न बोलता टाकणं मी अजून विसरले नाही.

युनियनच्या एका भाऊंनी मला दोनशे पानी वही आणून दिली आणि म्हणाले, काकू (तेव्हापासून काकूच), रोज घरी गेल्यावर लिहायचं. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. मत लिहायचं नाही, "त्याने मुद्दाम केलं" असलं नाही, फक्त घडलेलं. मी चौदा महिने लिहिलं. कधी नुसतं "आज काही नाही" एवढंच. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने मला फेकलं, "अमुक दिवशी साहेब तुम्हाला बोलले म्हणता, तो वार कोणता होता?" मी म्हटलं, मंगळवार, आणि त्या दिवशी पाणी आलं नव्हतं म्हणून आम्ही टँकरपाशी रांगेत होतो. वहीत होतं ते. त्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. आदेश माझ्या बाजूने लागला आणि मी परत मशीनवर बसले. तिथूनच 2011 ला रिटायर झाले.

तुमच्यासारखी समिती आमच्या वेळी नव्हती. राजस्थानातल्या भंवरीदेवीवर 1992 मध्ये सामूहिक अत्याचार झाला, त्यातून कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर कायदा व्हायला 2013 उजाडलं. आमच्या खात्यातल्या बायका असल्या गोष्टी संडासाच्या रांगेत एकमेकींच्या कानात सांगायच्या आणि तिथेच सोडायच्या. आज एक बावीस वर्षांची पोरगी कागदावर तक्रार करते आणि दुसरी तिच्यासाठी उभी राहते, हे बघून मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. त्या पोरीला सांग, तक्रार मागे घेऊ नको.

आजच वही घे. 14 जूनपासूनचं आठवेल तेवढं पहिल्या पानावर लिही, पण वर आजचीच तारीख टाक आणि "आठवून लिहिलेले" असं स्पष्ट लिही. मागची तारीख टाकून लिहायचं नाही, पकडली गेलीस तर खरंही खोटं ठरतं.

फीचं म्हणशील तर बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 चा विधी सेवा कायदा आहे. कामगारांनाही तो लागू आहे. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि फोन करायचा तर 15100.

---

पत्र_लिहिणारा | 8 सप्टेंबर, रात्री 9.15

मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, तुमच्या कंपनीत नाही. "व्यवसायाची निकड" असं लिहून मी स्वतः अशी पत्रं तयार केली आहेत. त्यातल्या दोन पत्रांबद्दल मला आजही झोप लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

त्या शब्दाला उत्तर एकच: निकड कोणती ते लेखी विचारा. साणंदला कोणती जागा रिकामी आहे, कधीपासून, त्या जागेसाठी आणखी कुणाचा विचार झाला, मलाच का निवडलं. स्टोअरमध्ये खोके मोजणारीची निकड सहाशेहून जास्त किलोमीटरवर कशी काय पडली, हेही विचारा. बहुतेक वेळा फाइलमध्ये या प्रश्नांची उत्तरं नसतात. मी सांगतो, नसतात.

पत्रात "मी जाणार नाही" असं लिहू नका. ते वाक्य आम्हाला हवंच असतं, त्यावर लगेच शिस्तभंगाची चार्जशीट निघते. असं लिहा: बदली 14 जूनच्या साक्षीनंतर सुरू झालेल्या घटनाक्रमाचा भाग आहे असं मला वाटतं, फेरविचार करावा, मी चाकणला रोज कामावर हजर आहे आणि काम करायला तयार आहे. एक प्रत हातोहात देऊन पोहोच घ्या. नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. एक प्रत समितीच्या अध्यक्षांना आणि बाहेरच्या सदस्याला पाठवा. समितीत संस्थेबाहेरचा एक सदस्य असावाच लागतो, आणि कंपनीच्या पगारावर नसलेला तो एकमेव माणूस असतो. तक्रारदार मुलीनेही स्वतंत्र अर्ज द्यावा, की माझ्या साक्षीदाराला त्रास दिला जातोय.

पुरावे नाहीत म्हणता, पण आहेत. जून आणि जुलैची पगाराची स्लिप शेजारी ठेवा, इन्सेंटिव्हचा रकाना बोलेल. 12 ऑगस्टला बस किती वाजता गेटमधून आत आली ते सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये असतं. ते तुम्ही काढायला जाऊ नका, वकील कोर्टामार्फत मागवतील. कंपनीच्या ड्रॉइंगचे किंवा दुसऱ्यांच्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊ नका, त्यावरून तुम्हालाच अडकवतील. फक्त स्वतःच्या नावाचे कागद.

---

खेडची_लेक | 13 सप्टेंबर, संध्याकाळी 7.50

परवा गौरी जेवल्या, काल विसर्जन झालं, आणि आज कोर्ट.

सोमवारी विधी सेवेत गेले होते, वकीलबाई मिळाल्या. बुधवारी अर्ज दाखल. आज सकाळी औद्योगिक न्यायालयात सुनावणी झाली. कंपनीचे वकील म्हणाले, बदलीची अट हिने स्वतः सही करून मान्य केलीय. आमच्या बाईंनी फक्त तारखांचा तक्ता पुढे ठेवला, एक पान. मग म्हणाल्या, स्टोअरमध्ये हलवल्याचा लेखी आदेश दाखवा. त्यांच्याकडे नव्हता. पुढच्या तारखेपर्यंत परिस्थिती आहे तशी ठेवा, म्हणजे मला साणंदला पाठवायचं नाही, असा आदेश झाला.

केस जिंकले नाही, हे मला समजतंय. सोमवारी परत स्टोअरमध्येच जायचंय. पण कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मिस्टर म्हणाले, "चल, वही घ्यायची राहिलीय ना तुझी दुसरी?" पहिली भरली नाही अजून. तरी घेतली.

काकू, एक सांगायचं राहिलं. काल जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या दोघी स्टोअरमध्ये डबा घेऊन आल्या.

---

वाळूजकर_मुलगी | 11 जानेवारी 2026, रात्री 12.20

जुना धागा वर काढतेय, माफ करा. शोधताना सापडला. माझं जवळपास हेच झालंय, मी पण साक्षीदार, मला नागपूरला टाकलंय. ताई, तुमचं पुढे काय झालं? मी पण हेच करू का?

---

खेडची_लेक | 11 जानेवारी 2026, सकाळी 5.40

पहिल्या शिफ्टच्या बसमधून लिहितेय.

माझं असं झालं: गेल्या मार्चमध्ये कंपनीने बदलीचं पत्र मागे घेत असल्याचं कोर्टात लिहून दिलं. मी परत टेस्टिंग बोर्डावर आहे. बुडालेल्या इन्सेंटिव्हपैकी सगळा नाही, बराचसा मिळाला. मेमो फाइलमधून काढलेला नाही, त्यासाठी अजून पत्रं चालू आहेत. सुपरवायझर दुसऱ्या प्लांटला गेला.

पण वरचं सगळं जसंच्या तसं वापरू नकोस. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, जुना औद्योगिक विवाद कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेलाय. द्वेषाने केलेली बदली त्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अनुचित प्रथाच आहे, पण अर्ज कुठे, कोणत्या कायद्याखाली, किती मुदतीत, हे आज वकिलालाच विचार. पॉश कायदा त्या संहितांमध्ये नाही, तो वेगळा आहे, त्यामुळे समितीचं आणि गुप्ततेचं जे लिहिलंय ते तसंच. 15100 पण तोच.

पत्र तुझ्या हातात कोणत्या तारखेला पडलं? आणि हजर कधी व्हायचंय? ते आधी सांग.